अस्सल कशाला म्हणावे?

पुण्यात मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाजवळ, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. जुनी नाणी, कुलपे, पितळी भांडी यांच्या शेजारी तिथे मनगटी घड्याळेही मांडलेली असतात आणि त्यांत एचएमटी हटकून असते. घेणारा विचारतो, ‘ओरिजिनल आहे का?’ विकणारा म्हणतो, ‘सगळे पार्ट कंपनीचेच आहेत, साहेब.’ दोघांचेही समाधान होते. आम्हाला मात्र वाटते, विचारले एक गेले आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे मिळाले. सगळे भाग अस्सल असले म्हणजे घड्याळ अस्सल होते का?

एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. रोज चावी द्यावी लागणारे ‘जनता’ हे घड्याळ नावाप्रमाणेच शिक्षक-कारकुनांपासून कामगारांपर्यंत सर्वांच्या मनगटावर गेले. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. नवे मिळेनासे झाले तसा जुन्याला भाव आला. दुकानांत पडून राहिलेले सुटे भाग आणि बंद घड्याळे मोडून काढलेले भाग जुळवून घड्याळे उभी राहू लागली. मशीन एकाचे, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, डायल नव्याने रंगवलेली. परदेशातले संग्राहक अशा घड्याळाला ‘फ्रँकन’ म्हणतात. मेरी शेलीच्या 1818 सालच्या कादंबरीत फ्रँकेनस्टाइनने मृतांच्या अवयवांतून एक जीव उभा केला, त्यावरून हा शब्द आला. त्यात कारागिराविषयीची तुच्छता लपलेली आहे, आणि ती आम्हाला मान्य नाही.

कारण भाग बदलणे हा काही गुन्हा नव्हे. घड्याळ पडले की बॅलन्सचा नाजूक अक्ष मोडतो, कमान थकते, तेल सुकते, काच चरे पडून आंधळी होते. पूर्वी हाताने घडवलेल्या घड्याळात प्रत्येक चाक त्याच घड्याळासाठी घासून बसवलेले असे. कारखान्याचे तत्त्वच निराळे. तिथला कोणताही भाग त्या जातीच्या कोणत्याही घड्याळात बसावा, अशाच बेताने तो बनतो. मग कंपनीच्याच भागाला परका कसे म्हणायचे?

थीसियसच्या जहाजाचा प्रश्न ग्रीकांनी फार पूर्वी विचारला होता. एकेक फळी बदलत सगळे जहाज बदलले, तर ते तेच जहाज राहिले का? सतराव्या शतकात हॉब्जने त्याला पुस्ती जोडली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? फळ्या मोजून हा वाद सुटत नाही. आमच्या परंपरेत मात्र याच प्रश्नाला भिडणारी एक पद्धत आहे.

हदीस तपासणारे विद्वान केवळ मजकूर चांगला आहे म्हणून तो स्वीकारत नसत. तो कोणी कोणाकडून ऐकला, ती सनद ते विचारत. मधला दुवा कमकुवत असला तर तसे नोंदवत. पण एखाद्या सांगणाऱ्याने मधला दुवा झाकून, आपण थेट ऐकले असा भास निर्माण केला, तर त्याला ‘तदलीस’ म्हणत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की फिकहमध्ये मालाचा दोष झाकून तो विकण्यालाही ‘तदलीस’च म्हणतात. विद्येच्या प्रामाणिकपणाला आणि बाजारातल्या प्रामाणिकपणाला शब्द एकच.

धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असेल. पैगंबर साहेबांनी (स.) बाजारात ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पाऊस पडला होता, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. पाऊस हा विक्रेत्याचा दोष नव्हता. ओले धान्य ओले म्हणून विकायलाही हरकत नव्हती. हरकत होती ती ओले खाली घालण्याला. बदललेली डायल म्हणजे पावसात भिजलेले धान्यच. ते ढिगाच्या वर ठेवा, एवढेच मागणे आहे.

काही जण म्हणतील, सांगून विकले म्हणजे सगळेच अस्सल झाले का? नाही. वडिलांच्या मनगटावर चाळीस वर्षे चाललेल्या घड्याळात एकेक करून सगळे भाग बदलले, तरी ते वडिलांचेच घड्याळ. त्याची सनद कुठे तुटलेली नाही. उलट, खणातले सुटे भाग एका दुपारी जुळवले, तर ते त्या दुपारी जन्मलेले घड्याळ. भाग अस्सल, घड्याळ नवे. असे सांगून विकले तर त्यात कमीपणा कसला? साठ वर्षांपूर्वीचे म्हणून विकले, तर मात्र खोट्या सनदेवर खरा मजकूर खपवल्यासारखे होते.

तुलना म्हणून नव्हे, पण बोध म्हणून काबा शरीफचा इतिहास आठवावा. कुरैशांनी तो पुन्हा बांधला, इब्न जुबैर यांनी बांधला, हज्जाजने त्यात फेरबदल केले, आणि 1630 च्या सुमारास पुरात भिंती कोसळल्यावर उस्मानी सुलतान चौथा मुराद याच्या काळात तो पुन्हा उभा राहिला. तो काबा नव्हे असे कोणी म्हटले नाही. कुरैशांनी हलाल कमाईच लावायची असे ठरवले होते. ती अपुरी पडली आणि काही भाग भिंतीबाहेर राहिला. त्या उणिवेवर कोणी पडदा टाकला नाही. हतीमची अर्धगोल बुटकी भिंत ती उणीव आजही दाखवते, आणि तवाफ तिच्या बाहेरूनच होतो.

‘अस्सल मराठी’ असे आपण अभिमानाने म्हणतो, त्यातला ‘अस्सल’ मूळ अरबी आणि ‘दुरुस्ती’ फारसी. भाषेने बाहेरचे भाग घेतले आणि तिचा काटा अडला नाही. मराठी मुसलमानाला तरी हे समजावून सांगायला नको. तू अस्सल कुठला, हा प्रश्न त्याने दोन्ही बाजूंनी ऐकलेला असतो.

दोष केवळ विकणाऱ्याचा नाही. पन्नास वर्षांचे घड्याळ काल दुकानातून आणल्यासारखे चकचकीत हवे, असा हट्ट घेणाऱ्याचाच असतो. त्या हट्टापायी डाग पडलेली मूळ डायल पुसून रंगवली जाते. वय हवे पण सुरकुत्या नकोत, असे म्हणणारा गिऱ्हाईकच तदलीसला दार उघडून देतो.

जुने घड्याळजी दुरुस्ती केली की मागच्या झाकणाच्या आत सुईने बारीक खूण किंवा तारीख कोरत. ती पुढच्या घड्याळजीसाठी असे. आज त्याऐवजी एक चिठ्ठी पुरे आहे. मशीन मूळचे, डायल रंगवलेली, काटे बदललेले, जुळणी अमुक महिन्यात, खाली सही. किंमत थोडी उतरेल, हे खरे. पण काम झाकणारा कारागीर आपली मेहनत बंद पडलेल्या कारखान्याच्या नावे जमा करतो, आणि चिठ्ठीवर सही करणारा ती आपल्या नावावर ठेवतो.