गोऱ्ह्याचा हिशेब

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकतात. दुसऱ्या दिवशी, श्रावणी अमावास्येला, झूल, बाशिंग आणि पुरणपोळी. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते आणि व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या रानातला गहू नाही, ज्वारी नाही, तूर नाही. परसातलं अळू, माठ, भेंडी, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस. हातानं खुरपून लावलेलं किंवा आपसूक उगवलेलं तेवढंच.

या व्रताची कथा विटाळाच्या कल्पनेभोवती रचलेली आहे. तो भाग आज कुणी मानू नये हेच बरं. पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट दडली आहे. आईबाप मरून मुलाच्याच घरी कुत्री आणि बैल होऊन येतात. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी मुलगा त्या बैलाला दिवसभर औताला जुंपतो आणि उपाशी ठेवतो. रात्री दोघांचं बोलणं त्याच्या कानी पडतं, तेव्हा कळतं की आपण राबवला तो आपला बाप. जनावराच्या श्रमावर जगणाऱ्या माणसाचं त्या जनावराशी नातं काय, हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारणारी दुसरी व्रतकथा चटकन आठवत नाही.

विनोबांनी हा प्रश्न एका दिवसापुरता ठेवला नाही. १९५०च्या सुमारास, वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडाच्या शेजारीच असलेल्या पवनारच्या आश्रमात, त्यांनी बैल न लावता कुदळ-फावड्यानं शेती करून पाहिली आणि तिला ऋषिखेती म्हटलं. पैशावाचून जगून पाहण्याच्या कांचनमुक्तीच्या प्रयोगाचाच तो भाग होता. १९५१ साली भूदान सुरू झालं, विनोबा पायी निघाले आणि देशाचं लक्षही त्यांच्यामागे गेलं.

पुढे जगभर नांगराविरुद्ध बोललं गेलं, पण ते मातीच्या बाजूनं. जपानच्या मासानोबू फुकुओका यांचं ‘एका काडातून क्रांती’ हे पुस्तक मूळ जपानीत १९७५ सालचं. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर’ची मांडणी केली. तिथं जनावराला जू नाही, पण काम आहे. कोंबडी उकरते, बदक गोगलगायी खातं, तळ्यातला गाळ वाफ्याला जातो. प्रत्येकाकडून त्याच्या स्वभावाचंच काम घ्यायचं, ही कल्पना देखणी आहे. फक्त जे काहीच काम करत नाही त्याचं काय, याचं उत्तर बहुतेक वेळा सुरीपाशी येऊन थांबतं.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी सुरी टाळली. रासायनिक शेतीनं निराश होऊन ते जंगलाचा अभ्यास करू लागले आणि त्यातून जीवामृत आलं. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे एकरभराला पुरतं. एका गाईवर ३० एकर, असा त्यांचा हिशेब. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या शेतीला ते अध्यात्माची जोड देतात. माती सगळं देते, विकत काही आणायचं नाही, असं त्यांचं सांगणं. ‘झिरो बजेट’ हे नाव त्यांनी नंतर बाजूला ठेवलं.

ते ठेवलं हे चांगलंच झालं, कारण गाय फक्त कालवडीच देत नाही. साधारण निम्मे गोऱ्हे होतात. शेणापुरती गाय पाळली तरी तिच्यामागे गोऱ्हा येणारच, आणि ट्रॅक्टर आलेल्या गावात त्याला काम नाही. मार्च २०१५पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. कायद्यानं जीव वाचतो, चारा मिळत नाही. तो खर्च ज्याच्या दावणीला पडतो, त्याच्यापुढे शून्याची भाषा करणं जड जातं.

शेळी-कोंबडीपाशी पेच वेगळा आहे. वऱ्हाडातली बेरारी शेळी काटक. बांधावरच्या पाल्यावर जगते, लेंड्या वाफ्याला देते. तिचे बोकड बाजारात जातात आणि माळकरी घरही त्या पैशात मुलांची फी भरतं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणी पिकाला आणि माणसाला सोसत नाही, तिथं पावसाचं पाणी धरणारं शेततळं हाच आधार. त्यात मासे सोडले की पुन्हा पाळलेला जीव मारायला विकण्याचा तोच प्रश्न.

जीव वाचवण्याची परंपरा या भागाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या मांडीखाली ससा शिरला आणि पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्यांना त्यांनी तो दिला नाही, ही लीळा पंथात सर्वांना ठाऊक आहे. याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा जत्रेतल्या बोकडाच्या बळीविरुद्ध आयुष्यभर बोलले. पण आश्रयाला आलेला ससा आणि देवापुढचा बोकड ही दोन्ही प्रकरणं त्यामानानं सोपी. आपणच नफ्यासाठी जन्माला घातलेल्या जनावराला कुठली अहिंसा लागू करायची, ते या दोन्हींवरून ठरत नाही. बोकड विकणारा निदान आपण काय करतो हे जाणतो. गोऱ्हा रात्री गावाबाहेर सोडून देणारा हात झटकून मोकळा होतो. दोघांत दुसराच अधिक पापी, असं इथं म्हणावंसं वाटतं.

बैलाला अजून एक काम उरलं आहे. उभ्या कपाशीत ट्रॅक्टर शिरत नाही म्हणून डवरणी, म्हणजे कोळपणी, बहुतेक ठिकाणी बैलजोडीनंच होते. ज्याच्याकडे जोडी नाही तो भाड्यानं आणतो. नैसर्गिक शेतीतलं आच्छादन तणाला दाबतं आणि डवरणीच अनावश्यक करतं. मातीसाठी ते उत्तमच. पण आच्छादनाला लागतो कडबा आणि कुटार, म्हणजे गोऱ्ह्याचंच जेवण. आणि सोयाबीननं ज्वारीला हटवल्यापासून कडबा आधीच कमी झाला आहे. तेव्हा पेंढी वाफ्यावर पसरायची की दावणीत टाकायची, हे ज्याच्या त्याच्या शेतात दर उन्हाळ्यात ठरतं, आणि ते ठरवताना कुठल्याच पंथाचा ग्रंथ हाताशी नसतो.