पाणी अडवा, पण वाट सोडा

अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडून झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चिनूक जातीचे सॅमन मासे शंभराहून अधिक वर्षे बंद असलेल्या पाण्यात पुन्हा चढून गेलेले दिसले. ही बातमी आपल्याकडे आल्यापासून दोन मते कानावर पडत आहेत. आपणही धरणे पाडायला घ्यावीत, हे एक. अमरावती शहर ज्या धरणाचे पाणी पिते ते पाडण्याची भाषा करणाऱ्याने वऱ्हाडाचा उन्हाळा काढलेला नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल. दुसरे मत अधिक समंजस वाटते, म्हणूनच ते अधिक घातक आहे. ते म्हणते : आपल्याकडे ना सॅमन, ना ट्राउट; समुद्रातून डोंगरापर्यंत जाणारा मासाच नाही, तर त्याच्या वाटेची चर्चा कशाला? मासे कमी झाले असतील तर मत्स्यबीज सोडा. त्याप्रमाणे दरवर्षी जलाशयाच्या काठावर पिशव्यांमधून बोटुकली सोडली जाते, छायाचित्र छापून येते आणि नदीतल्या माशांचा प्रश्न त्या वर्षापुरता सुटला असे सगळे धरून चालतात.

माझे म्हणणे या दुसऱ्या मताविरुद्ध आहे. त्यासाठी वर्धेकाठचे एक गाव घेऊ.

कौंडण्यपूर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते रुक्मिणीचे माहेर म्हणून. तिची पालखी इथून पंढरपूरला निघते. १५९४ पासूनची ही परंपरा मानली जाते. गावाला लागून वाहणारी वर्धा मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे १३ दरवाजे आणि खाली धनोडीला निम्न वर्धेचे ३१ दरवाजे, यांच्या मधल्या पट्ट्यात कौंडण्यपूर येते. पुढे वर्धा वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. त्याखाली मेडिगड्डा बंधारा आहे; आणि समुद्र जवळ आला की धवळेश्वरम, जिथे आर्थर कॉटनने १८५२ मध्ये गोदावरी अडवण्याचे काम पुरे केले.

या वाटेवर समुद्राशी नाते असलेला मासा नाही, हे म्हणणेच मुळात चूक आहे. पावसाळ्याच्या पुरात समुद्रातून गोदावरीत चढणारा हिलसा आंध्रात ‘पुलस’ नावाने हजारो रुपये किलोने विकला जातो आणि धवळेश्वरमच्या भिंतीशी येऊन थांबतो. गंगेत हाच मासा अलाहाबादेपर्यंत आणि त्याच्याही वर जात असे. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यावर ते संपले. अहीर, म्हणजे गोड्या पाण्यातली ईल, याच्या उलट चालते : ती नदीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते. तिची पिल्ले पुन्हा नदी चढून येतात. पण एवढ्यावर मी माझा मुद्दा उभा करत नाही. समुद्रापासूनची लांबची वाट वऱ्हाडापुरती केव्हाच तुटली आहे आणि ती उद्या जुळेल असे मी मानत नाही.

मला बोलायचे आहे ते छोट्या प्रवासाबद्दल. कोकणात चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-पालघरकडे वलगणीचे म्हणतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, नाल्यातून गढूळ, थंड पाण्याचा लोंढा नदीत आला, की डोहात उन्हाळा काढलेले मासे त्या लोंढ्याच्या उलट दिशेने निघतात. पोटात अंडी असतात. ते नदी सोडून नाल्यात, नाल्यातून ओहोळात, ओहोळातून पाणी चढलेल्या गवतात शिरतात. तिथे मोठे शिकारी मासे कमी असतात, पाणी उथळ आणि ऊबदार असते, त्यात पिल्लांना पुरेल असे सूक्ष्म अन्न तयार होते. पूर ओसरताना पिल्ले पाण्याबरोबर नदीत उतरतात. सगळा प्रवास कधी दोन-चार किलोमीटरांचा, कधी त्याहूनही कमी. महसीरासारखा मोठा मासा वेगळा, त्याला स्वच्छ वाहते पाणी आणि खाली खडे-गोटे लागतात. पण त्याचीही गरज तीच, पावसाळ्यात वर जाता येण्याची. नदीकाठच्या भोई समाजातल्या जुन्या माणसांना यातले काहीही शिकवावे लागत नाही. पहिल्या पुरात नाल्याच्या तोंडाशी जाळी लागतात ती याच ज्ञानामुळे. अंड्यावर आलेला मासा तिथे सरसकट पकडला जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण माशाची वाट नेमकी कुठून जाते हे आज त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही, हेही तितकेच खरे.

आता मत्स्यबीजाकडे येतो.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांना संप्रेरकाच्या इंजेक्शनाने कार्प माशांकडून अंडी घालून घेण्यात यश आले. भारतीय मत्स्यशेतीतला हा खरोखरच मोठा दिवस आहे. पण त्याआधी बीज कुठून येत होते? पुराच्या नदीतून गोळा केले जात होते. इंजेक्शन का लागले? कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत म्हणून. त्यांना पूर हवा असतो, प्रवाह हवा असतो. आज ज्या गोल टाक्यांत मत्स्यजिरे तयार होते त्यांत पाणी गोल फिरवत ठेवतात, कारण वाहत्या पाण्याची नक्कल केल्याशिवाय काम भागत नाही. म्हणजे ज्या बोटुकलीचे नाव घेऊन वाहत्या नदीची गरज नाकारली जाते, ती बोटुकलीच त्या गरजेची साक्ष आहे. हे मत मांडणाऱ्यांपैकी कुणी या साध्या गोष्टीशी दोन क्षण थांबलेले मला दिसत नाही.

पुढचा प्रश्न, सोडतो काय? प्रामुख्याने हेच तीन मासे, मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे. जलाशयातून निघालेल्या माशांचे वजन वाढले की मासे वाढले असा अहवाल होतो. वाम, शिंगटा, मरळ, महसीर आणि बोटाएवढ्या असंख्य देशी जाती यांचे काय झाले, हे त्या वजनातून कळत नाही. तीन जाती वाढून तीस जाती गेल्या तरी टनांचा आकडा चढताच राहील. आणि बोटुकली दरवर्षी विकत घ्यावी लागते. जलाशयाचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेला बीजाचा खर्च पेरणीसारखा दर हंगामाला उभा करावा लागतो, तर नाल्यात चढून अंडी घालणारा मासा कुणाकडून एक पैसा मागत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे : मग देशी माशांचे बीज सोडू. हेही करून झाले आहे, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. दख्खनचा महसीर विज्ञानाला ठाऊक झाला तो पुण्याच्या मुळा-मुठेतून. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याची नोंद केली. पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले, लाखोंनी पिल्ले वाढवली गेली आणि देशभरच्या नद्यांना पाठवली गेली. हेतू निर्मळ होता, काम मेहनतीचे होते. त्यातली पिल्ले कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर होता, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. त्याची जागा हळूहळू बाहेरून आलेल्या महसीराने घेतली, आणि कुबड्या महसीराच्या घसरणीमागचे एक प्रमुख कारण म्हणून संशोधकांनी याकडेच बोट दाखवले. शास्त्रीय नावाने त्याची पक्की ओळख पटली ती २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. ‘देशी’ या शब्दाने इथे काही वाचत नाही. माशाला देश नसतो, खोरे असते.

आणि ज्यांच्याकडे सॅमन आहे, त्यांनी काय केले? हाच उपाय, आपल्या कितीतरी आधी. कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर सॅमनचे पहिले सरकारी बीजकेंद्र १८७२ मध्ये उभे राहिले. कोलंबिया नदीवर एकामागून एक धरणे बांधताना प्रत्येक वेळी नुकसानभरपाई म्हणून हॅचरी दिली गेली. कोट्यवधी पिल्ले सोडली. तरीही १९९१ मध्ये स्नेक नदीचा सॉकआय सॅमन संकटग्रस्त जाहीर करण्याची वेळ आली. अमेरिकेतल्या एल्वा आणि क्लॅमथ या नद्यांवरची धरणे पडली ती भाबड्या निसर्गप्रेमाने नव्हे. शंभर वर्षे बीज सोडून नदीचा मासा परत येत नाही, हा अनुभव त्यांच्या पदरी होता. धरणे जुनी झाली होती, त्यांचा उपयोग कमी उरला होता, हेही खरे. अप्पर वर्धेची गोष्ट तशी नाही, म्हणून मी त्यांचा निष्कर्ष उचलत नाही. अनुभव मात्र उचलतो.

शेततळ्यात, गावतळ्यात, बंदिस्त पाण्यात बोटुकली जरूर सोडावी. ती शेती आहे आणि चांगली शेती आहे. माझा विरोध आहे तो या शेतीला नदीचे पुनरुज्जीवन म्हणण्याला.

मग करायचे काय? इथे आपल्या सगळ्या चर्चेत एक भेद हरवला आहे. पाणी अडवणे वेगळे आणि वाट अडवणे वेगळे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण पाठ केली आणि त्या भरात दुसरी गोष्टही आपोआप करत गेलो. जलयुक्त शिवारचे समर्थक आणि टीकाकार, वैनगंगा-नळगंगा जोडकालव्याच्या ४२६ किलोमीटरांवर भांडणाऱ्या दोन्ही बाजू, सगळे किती दशलक्ष घनमीटर पाणी एवढेच मोजतात. अप्पर वर्धेतून शहराला किती, नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पाला किती, शेतीला किती, हे वाद रास्त आहेत. पण जून-जुलैत नदी आणि नाला यांच्यातली ये-जा चालू आहे का, हा प्रश्न त्या वादांत एकदाही येत नाही. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये धरणाखाली सोडायच्या किमान प्रवाहाची टक्केवारी ठरवून दिली. ते चांगलेच झाले, पण तोही पाण्याचाच हिशेब, वाटेचा नव्हे.

हा भेद हवेतला नाही. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा पाहा. पावसाळ्याआधी त्याच्या लोखंडी पाट्या काढायच्या, पूर मोकळा जाऊ द्यायचा, पावसाळा सरताना पाट्या बसवायच्या आणि उरलेले पाणी धरायचे, अशी त्याची शिस्त. ती गाळ आणि पुराचा विचार करून ठरली असेल; माशालाही ती नेमकी मानवते. चढणीच्या आठवड्यांत वाट उघडी, रब्बीच्या महिन्यांत पाणी अडलेले. सिमेंट नाला बांधाचे याच्या उलट आहे. तो वर्षातले बरेच महिने कोरडा असतो, तेव्हा काहीच अडवत नाही. आणि ज्या पंधरवड्यात मासा खाली येऊन उभा राहतो त्या पंधरवड्यात तो पक्की भिंत असतो. पाण्यासाठी बांधलेली रचना पाणी नसताना निरुपयोगी आणि पाणी आल्यावर माशाला प्राणघातक, असे घडते ते भिंतीच्या उंचीमुळे नव्हे, तिला दारच नसल्यामुळे.

उंची थोडी असते म्हणून दुर्लक्ष करावे, असेही नाही. युरोपातल्या ३६ देशांतल्या नद्यांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात किमान १२ लाख अडथळे निघाले आणि त्यांतले ६८ टक्के दोन मीटरपेक्षाही कमी उंचीचे होते. नदी तुटते ती मोठ्या धरणांनी जितकी, तितकीच या बारीकसारीक बांधांनी आणि रपट्यांनी. ‘आपल्याकडे सॅमन नाही’ हे वाक्य नेमके इथे उलटते. सॅमन उडी मारणारा मासा आहे. दोन मीटरचा धबधबाही तो पार करतो. आपली वाम उडी मारत नाही. आपले छोटे खवलेवाले मासे मीटरभर सरळ भिंतीपुढे हताश होतात. रपट्याखालच्या सिमेंटच्या नळीतून पाणी हातभर खाली पडत असेल, तर तेवढेही त्यांना पुरते रोखते. सॅमनच्या देशात जी भिंत चालून जाईल ती वर्धेच्या नाल्यावर चालत नाही. म्हणजे आपल्याकडे सॅमन नाही म्हणून वाटेचा विचार अधिक करायला हवा.

कौंडण्यपूरच्या पट्ट्यात याला फार अर्थ आहे. वरची भिंत हलणार नाही, खालचीही नाही. पण मधली नदी आणि निम्न वर्धेचे पाणी हा माशांचा उन्हाळ्यातला डोह होऊ शकतो, आणि तिवसा-आर्वीकडून येणारे नाले त्यांचे पावसाळ्यातले घर होऊ शकतात. मध्ये आड येतात ते ३१ दरवाजे नव्हेत. आड येतात ते नाल्यांच्या तोंडाशी असलेले बांध, रपटे, आणि खोलीकरणात सरळ कालव्यासारखे खरवडून काढलेले काठ, ज्यांत खडा नाही, गवत नाही, आडोसा नाही. रेतीघाटांवरून होणारा बेकायदा उपसा हा तर उघड गुन्हा आहे, त्यावर वाद घालण्याची गरज नाही.

उपाय खर्चिक नाहीत. सिमेंट बांधाच्या खालच्या बाजूला दगडांचा उतार रचता येतो. एक मीटरच्या उडीसाठी साधारण वीस मीटर लांबीचा, मध्ये मोठे दगड ठेवून, म्हणजे माशाला टप्प्याटप्प्याने दम घेत वर जाता येते. उतार बांधाच्या खालच्या अंगाला असल्याने वरच्या साठ्यातले पाणी कमी होत नाही आणि विहिरींचे पुनर्भरणही तसेच राहते. रपट्याची नळी तळाशी टेकवून बसवता येते. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या पाट्या मृगाआधी निघाल्याच पाहिजेत, ही शिस्त तर जुनीच आहे. ती पाळायची आहे, एवढेच. खोलीकरण करताना नाल्याचा एक काठ हात न लावता सोडता येतो.

ज्येष्ठात रुक्मिणीची पालखी निघते तेव्हा रस्त्यातली वाहने थांबवून तिला वाट दिली जाते. त्याच दिवसांत त्याच गावाच्या नदीतला मासाही वाट मागत असतो. त्याच्यासाठी एखादे नवे खाते नको, नवे अभियानही नको. महाराष्ट्रात २०२२ च्या २ ऑक्टोबरला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू झाले, तशा अभियानांत या एका बाबीची नोंद झाली तरी पुरे. आणि तुमच्या गावातल्या नाल्यावर नवा बांध मंजूर होत असेल, तर ग्रामसभेत त्याचे अंदाजपत्रक मागून घ्या आणि विचारा की खालच्या बाजूला दगडी उतार धरला आहे का. नसेल, तर काम सुरू होण्याआधी तो धरायला लावा.