बरोबरीचा निवाडा

माणसाला बरोबरी फार वेळ सोसत नाही. तराजूची दोन्ही पारडी एका रेषेत आली की वाण्याला हायसे वाटते. पण मैदानाभोवती जमलेल्या माणसांना त्याच क्षणी चुळबूळ सुटते. कोण वरचढ ते कळल्यावाचून घरी जायचे कसे? समानतेवर आपण व्याख्याने देतो, पण ती प्रत्यक्ष पुढे येऊन उभी राहिली की तिला मोडण्याची घाई करतो. ती कोणत्या हत्याराने मोडावी, हा या लेखाचा प्रश्न आहे. वरवर तो खेळाच्या नियमांचा वाटेल. माझ्या मते तो न्यायाचा आहे.

आमच्या बालाघाटातल्या जत्रांपासून आरंभ करू. धारूरच्या आसपास कुठल्याही गावच्या फडावर हे दृश्य दिसते. नारळाच्या कुस्त्या झटपट निकालात निघतात. शेवटची मोठी कुस्ती मात्र अडते. दोघे मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून घुमत राहतात, माती उधळतात, कोणीच चीत होत नाही. दिवस मावळू लागला की पंच मध्ये पडतात, दोघांचे हात वर करतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. इनाम निम्मे-निम्मे होते. काही प्रेक्षक कुरकुरतात, पण अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. याचे कारण साधे आहे : रुपयांचे दोन वाटे होतात. जिथे वाटा पडतो तिथे बरोबरी मोडण्याचे कारणच उरत नाही. १ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीच्या स्पर्धेत कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी बरोबरीत राहिले, तेव्हा त्यांनी आणखी उड्या न मारता दोघांनीही सुवर्णपदक घेतले. जगाला त्याचे अपूर्व वाटले. आमच्या फडावरच्या म्हाताऱ्या पंचांना ते वाटले नसते.

खरी पंचाईत होते ती वाटा न पडणाऱ्या गोष्टीची. ढाल एकच असते, पुढच्या फेरीतली जागा एकच असते, नोकरीचा हुकूम एकाच नावाने निघतो. तिथे निवाडा करावाच लागतो.

आपल्या खो-खोने हा निवाडा कसा केला आहे तो पाहण्याजोगा आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या विजयी महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे होती. ती आमच्या शेजारच्या केज तालुक्यातली, त्यामुळे या खेळाविषयी इकडे सध्या थोडे अधिक अगत्याने बोलले जाते. खो-खोच्या जुन्या, रुळलेल्या नियमाप्रमाणे दोन्ही डावांअंती गुण सारखे झाले, तर एक जादा डाव खेळवतात. त्यातही बरोबरी राहिली, तर लघुत्तम आक्रमण. म्हणजे असे की, एका संघाने पाठलाग करायचा आणि पहिला गडी बाद होताच थांबायचे. त्याला किती वेळ लागला ते घड्याळावर टिपायचे. मग दुसऱ्या संघाने तेच करायचे. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. या नियमात दोन गोष्टी आहेत. निवाडा त्याच खेळाने होतो, दुसऱ्या कुठल्या करामतीने नव्हे. आणि पाठलागाची संधी दोघांनाही मिळते.

आता समुद्रापलीकडचे उदाहरण घ्या. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू बहुतेक हातांनीच खेळतात. पण त्याची रचना खो-खोला फार परकी नाही : एका वेळी एक संघ चेंडू घेऊन चाल करतो, दुसरा अडवतो. या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेत बरोबरी झाली की जादा वेळ देत आणि त्यात जो प्रथम गुण मिळवील तो तिथल्या तिथे विजयी ठरे. डिसेंबर १९५८ मध्ये बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क यांच्यातला अजिंक्यपदाचा सामना असाच सुटला. १९७४ पासून साध्या सामन्यांनाही ही रीत लागू झाली. ऐकताना ती मर्दानी वाटते. पण पहिली चाल कोणाची? ते नाणे उडवून ठरवायचे! म्हणजे ज्याचे नाणे पडले त्याने चाल करून गुण मिळवला, की दुसऱ्याने चेंडूला हातही न लावता घरी जायचे. २०१० मध्ये बाद फेरीपुरती यात दुरुस्ती झाली, पुढे २०१२ पासून ती सर्वत्र आली : पहिल्या चालीत लहान गुण मिळाले तर दुसऱ्याला संधी, मोठा गुण मिळाला तर मात्र खेळ खलास. २३ जानेवारी २०२२ रोजी कॅन्सस सिटी आणि बफलो हे संघ ३६-३६ असे अडले. नाणे कॅन्सस सिटीचे पडले, त्यांनी पहिल्याच चालीत मोठा गुण घेतला, ४२-३६ असा सामना संपला आणि बफलोची चाल आलीच नाही. त्यावर इतका गहजब झाला की, दोन महिन्यांत बाद फेरीचा नियम बदलून दोघांनाही एकेक चाल देण्यात आली. २०२५ मध्ये साध्या सामन्यांनाही तेच लागू केले.

कोणी म्हणेल, नाणे तर दोघांनाही सारखेच होते. मग अन्याय कसला? हा आक्षेप पोकळ नाही. नाण्याला ओळखदेख नसते, ते कोणाचा पक्ष घेत नाही. पण मग सरळ नाणे उडवून विजेता जाहीर करा आणि दिवे मालवा. तसे कोणी करीत नाही, कारण तो विजय कोणी विजय मानणार नाही. म्हणून नाण्याने अर्धा निकाल द्यायचा, उरलेला मैदानावर लावायचा आणि सगळा गुलाल खेळाडूच्या अंगावर टाकायचा. माझा राग नाण्यावर नाही. दैवाने कर्तृत्वाचा अंगरखा घालून मिरवावे, यावर आहे.

याच्या उलट बाजूची लबाडी क्रिकेटने दाखवली. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्‌सवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडच्या २४१ धावा, न्यूझीलंडच्याही २४१. जादा षटक खेळवले, दोघांच्याही पंधरा. मग चौकार-षटकार मोजले. इंग्लंडचे २६ भरले, न्यूझीलंडचे १७. चषक इंग्लंडला गेला. इथे दैव नव्हते, सगळा हिशोब होता. पण कशाचा हिशोब? धाव ती धाव. चार वेळा पळून काढलेल्या चार धावा सीमेपार गेलेल्या चार धावांहून हलक्या, असे त्या दिवसापर्यंत कोणी म्हटले नव्हते. नियम आधी छापलेला होता हे खरे. पण छापलेला नियम न्याय्यच असतो असे नाही. त्याची फसवणूक होत नाही, एवढेच. तीन महिन्यांत तो नियम रद्द झाला आणि निकाल लागेपर्यंत जादा षटके खेळवायचे ठरले.

या दोहोंशी आपली ईश्वरचिठ्ठी ताडून पाहा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मते पडली की चिठ्ठ्या टाकतात आणि एखाद्या लहान मुलाकडून त्यांतली एक उचलवतात. २०१७ मध्ये मुंबईसारख्या शहराच्या महापालिकेतल्या एका जागेचाही निकाल असाच लागला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात यासाठी कलमच आहे : ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत अधिक पडले असे समजावे. ‘असे समजावे’ या शब्दांतला प्रांजळपणा मला फार आवडतो. मत पडलेले नाही हे कायद्याला ठाऊक आहे. तो नुसते समजायला सांगतो. आणि आपल्या लोकांनी तर तिला ईश्वराचेच नाव दिले. त्यात भाबडेपणा असेल, पण हरलेल्याची केवढी सोय आहे! तो लायकीत हरला नाही, हे त्या एका शब्दाने साऱ्या गावाला सांगून टाकले. उघडे दैव माणसाचा मान राखते. झाकलेले दैव तो हिरावून घेते.

मग दोघांना संधी दिली की प्रश्न मिटला का? तसेही नाही. लघुत्तम आक्रमणात दुसऱ्याने पाठलाग करणाऱ्याला किती वेळात गडी मारायचा ते ठाऊक असते. पहिला अंधारात धावतो. अमेरिकेत नव्या नियमाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतिम सामना झाला, त्यात पहिली चाल घेणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोला तीन गुण मिळाले. कॅन्सस सिटीला काय हवे ते आधीच कळलेले होते, त्यांनी मोठा गुण घेऊन २५-२२ असा सामना जिंकला. म्हणजे पहिल्याचा फायदा काढला, तर दुसऱ्याचा शिरला. कपड्याची सुरकुती एकीकडे दाबावी, तर दुसरीकडे उठते.

तरीही एक कसोटी हाती उरते. नाणे पडल्यावर प्रत्येक शहाणा कर्णधार जर एकच बाजू मागत असेल, तर नियम कुठेतरी कलता आहे. निवड अवघड वाटावी, इतका नियम सपाट असावा. आणि तो सपाट करण्याची युक्ती आपल्या शेतकऱ्यांना पूर्वापार माहीत आहे. भावांच्या वाटण्या होतात तेव्हा म्हणतात, मोठ्याने वाटे पाडावेत, धाकट्याने आधी उचलावा. पाडणाऱ्याच्या हाती उचल नाही, म्हणून तो विहीर एकीकडे आणि खडक दुसरीकडे असे करीत नाही. गंमत अशी की, २०२१ मध्ये बाल्टिमोरच्या संघाने जादा वेळेसाठी नेमके हेच सुचवले होते : एकाने चेंडू कुठून सुरू करायचा ती जागा ठरवावी, दुसऱ्याने चाल करायची की अडवायचे ते निवडावे. ती सूचना मान्य झाली नाही. बांधावरची अक्कल तिथवर पोचली होती, एवढे समाधान मानू.

मैदानात हरलेला पुढच्या वर्षी पुन्हा उतरतो. खऱ्या जगण्यात तसे नसते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज आले. अशा गर्दीत गुण सारखे येणारच. त्यासाठी राज्याच्या भरतीत क्रम ठरलेला आहे : आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पाल्याला आधी प्राधान्य, नंतर जो वयाने मोठा त्याला, मग पुढचे निकष. पहिला निकष मला न्याय्य वाटतो. गुणवत्ता जोवर बोलते तोवर इतरांनी गप्प बसावे. पण तिचे बोलणे संपले, दोघांविषयी तिने सारखेच सांगितले, तर मग दुःखाला बोलू द्यायला काय हरकत आहे? मराठवाड्यात राहणाऱ्याला याहून अधिक समजावून सांगायला नको. तो निकष लायकीचा आव आणीत नाही. गरज म्हणून येतो आणि गरज म्हणूनच मोजला जातो.

वयाच्या निकषाची गोष्ट मात्र निराळी आहे. वय म्हणजे दाखल्यावरचे वय. आणि खेड्यातल्या दाखल्यांवर जन्मतारीख कोणती असते? एक जून! माझ्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा जन्म सरकारदरबारी एकाच दिवशी झालेला आहे. आईबापांना तारीख सांगता येत नसे. मास्तर मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाती आला तर सहा वर्षे पुरी, नाही तर पुढच्या वर्षी ये. म्हणजे ज्याचा हात लांब तो वयाने थोर. आणि वीस-पंचवीस वर्षांनी दोघांच्या गुणांची बरोबरी झाली, तर मास्तरांच्या त्या दौतीतून निघालेल्या तारखेने एकाला नोकरी द्यायची आणि दुसऱ्याला परत पाठवायचे. हे नाणेच आहे. फक्त ते फार पूर्वी उडवलेले आहे आणि कोणी पाहिलेले नाही. यापेक्षा सर्वांसमक्ष चिठ्ठी काढली तर परत जाणारा निदान मान वर करून जाईल.

आणि थोडे मागे गेले, तर बरोबरीचाच संशय येऊ लागतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहतात, तरी कित्येक आईबापांबरोबर फडावर जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि तीच परीक्षा देतात, जी वर्षभर बाकावर बसलेला मुलगा देतो. त्यांच्यातल्या एखादीला त्या मुलाइतकेच गुण पडले, तर गुणपत्रिका दोघांना बरोबरीत दाखवते. एकाने सगळे डाव खेळलेले असतात; दुसरीला पाठलागाची पाळी निम्मीच मिळालेली असते. सामना संपल्यावर दोघांना एकेक चाल सारखी मिळावी म्हणून परदेशात एवढा वाद घातला गेला, तो योग्यच होता. पण सामना चालू असताना कोणाची पाळी बुडाली, हे मोजणारे घड्याळ आपण अजून कुठेच लावलेले नाही.