ठेवू का फोन?

फोन कसा उचलावा हे मला कुणी शिकवलं नाही, पण तो कसा ठेवावा हे मात्र वडिलांनी बजावून शिकवलं होतं. त्या काळी ट्रंक कॉल लावून तासभर वाट बघायची. लाइन लागली की निम्मा वेळ ‘हॅलो, हॅलो’त जायचा आणि उरलेला ‘बरं, ठेवू का?’ यात. समोरच्यानं ‘हं, ठेवा’ म्हटल्याशिवाय फोन ठेवणं म्हणजे पाहुण्याला अर्ध्या जेवणावरून उठवणं! पुढे चौतीस वर्षं मराठी शिकवताना शुद्धलेखनापेक्षा ही रीतच मी मुलांना जास्त शिकवली. तोच सद्गुण म्हातारपणी माझ्या गळ्याशी आला, त्याची ही हकीकत.

उन्हाळ्यातली दुपार होती. मुलानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी नातवाचे फोटो बघत बसलो होतो. फोन वाजला. “नमस्कार सर! तुमच्या कॉम्प्युटरमधून आमच्याकडे व्हायरसचे सिग्नल येतायत.” आवाज इतका गोड, की पहिल्या ‘सर’लाच मी विरघळलो. निवृत्तीनंतर ‘सर’ म्हणणारी माणसं कमी होत जातात हो! आमच्या पाचोडात घरात बसून मला सिग्नल मिळत नाही, तो या गृहस्थाला दिल्लीत कसा मिळतो, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

त्यानं दोन-तीन बटणं दाबायला लावली. पडद्यावर एक लांबलचक यादी आली आणि तिच्यात ही लाल चिन्हं! जन्मभर मी दुसऱ्यांच्या पेपरवर लाल फुल्या मारल्या. आज माझाच पेपर कुणीतरी तपासला होता. आता कळलं, की ती यादी म्हणजे यंत्राची रोजनिशी. कुठं काय अडखळलं ते त्यात लिहिलेलं असतं आणि धडधाकट कॉम्प्युटरमध्येही अशी लाल चिन्हं सापडतात. पण तेव्हा मला घाम फुटला. त्यानं सांगितलं ते ॲप मी उतरवून घेतलं, पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला, आणि काय सांगू, पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला! “सर, आता फक्त बँकेचं पान उघडा,” तो म्हणाला. मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच देवाघरी गेली होती, त्यामुळे तोही गेला. वीज गेल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झालाय.

अशाच एका ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ते मी वाचलंही होतं. मग फोन का नाही ठेवला? संशय तर आला होता. पण त्यानं ‘हं, ठेवा’ म्हटलंच नव्हतं ना!

पैठण आमच्याच तालुक्याचं गाव. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर तो माणूस पुन:पुन्हा थुंकला आणि नाथ शांतपणे पुन:पुन्हा नदीवर गेले, ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! नाथ रागावले नाहीत, एवढं आम्ही घेतलं. त्यांनी त्या माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या नाहीत, हे काही आमच्या ध्यानात आलं नाही.

खरं म्हणजे ओळखायला फार अक्कल लागत नाही. आपल्याला ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो. डॉक्टर दारावर येऊन “तुम्हाला ताप आहे” म्हणत नाही. कॉम्प्युटर कंपनीही स्वत:हून फोन करत नाही. आमच्याकडचा मोसंबीवाला शेतकरी यात माझ्यापेक्षा शहाणा. एखादा व्यापारी बागेत येऊन “आत्ताच्या आत्ता सौदा करा, संध्याकाळी भाव पडेल” म्हणाला, की तो म्हणतो, “मग संध्याकाळीच या.” घाई करतो तो गिऱ्हाईक नव्हे.

पण भोळेपणा हा काही एकट्या पाचोडचा माल नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापे घातले, तेव्हा तिथं शेकडो तरुण मुलं-मुली अमेरिकेतल्या लोकांना “तुमच्या कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल” असं धमकावायच्या कामाला बसवलेली सापडली. नाव गोरं, उच्चार गोरे, समोर लिहून दिलेला कागद! ती वाचून वाटलं, आपल्याशी गोड बोलणारा तो मुलगाही कुणाचा तरी विद्यार्थी असेल. ‘सर’ तर किती सफाईनं म्हणत होता!

इथपर्यंत मी त्याला दोष दिला. आता माझी पाळी. संध्याकाळी सौ.नं विचारलं, “दुपारी कुणाचा फोन होता?” मी म्हणालो, “राँग नंबर.” मुलाला काही बोललो नाही. पारावर तर शब्दही काढला नाही. गावाला शहाणपण शिकवलेला माणूस फसता फसता वाचला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

चार दिवसांनी शेजारच्या अण्णांना तोच फोन आला. त्यांची वीज गेली नाही. ३८,००० रुपये गेले. माझ्यासारखीच लाज वाटून तेही दोन दिवस गप्प राहिले. शेवटी मुलीनं पासबुक बघितलं आणि १९३० या नंबरवर तक्रार केली. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं असतं, तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा होती. दोन दिवसांत ते कुठल्या कुठे पोचले होते.

मी अण्णांसमोर बसून सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सर, हे गेल्या आठवड्यात सांगितलं असतं तर?”

चौतीस वर्षांत मला इतका अवघड प्रश्न कुठल्याही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. त्या चोरानं अण्णांना लुटलं खरं. पण माझ्या घरापासून त्यांच्या घरापर्यंतची वाट त्याला मोकळी कुणी ठेवली? ज्याचं मी काहीच लागत नव्हतो, त्या चोराशी मी रीतीनं वागलो. आणि ज्यांचं लागत होतो, त्यांच्याशी खोटं बोललो.

परवा पुन्हा फोन वाजला. “नमस्कार सर, तुमचं खातं बंद होतंय...” मी तिथल्या तिथे फोन कापला. हात थरथरला, खोटं कशाला बोलू! वडील वरून बघत असतील, तर त्यांना वाईट वाटलं असेल. चपला घातल्या.

“कुणाचा फोन होता?” सौ.नं विचारलं.

“चोराचा.”

“आणि आता कुठं निघालात?”

“पारावर. सांगायला.”

“मागचंही सांगणार का?”

मी उंबऱ्यावर जरा थांबलो. म्हणजे तिला ठाऊक होतं तर!

“ते आधी सांगतो,” म्हणालो.