गोलसमोर एकच जागा

कॅनडातल्या मिसिसॉगाच्या आइस हॉकी रिंकवर सराव संपला, तरी पुतणी काचेपाशी उभीच होती. तेरा वर्षांखालच्या गोलरक्षकांना ती शिकवते. गोलसमोर जागा एक, मुलं तीन, आणि कुणाला किती सामने याची यादी रात्रीपर्यंत द्यायची होती.

"आकडे बघ नि मोकळी हो," काका म्हणाले. त्यांची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली.

"काका, एनएचएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या २००० च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी गोलरक्षक रिक डिपिएट्रोला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा होता. डिपिएट्रोला दुखापतींनी खाल्लं, लुंडक्विस्ट हॉल ऑफ फेममध्ये पोचला."

"मार्क-आंद्रे फ्लरीसुद्धा २००३ मध्ये पहिलाच होता. पिट्सबर्गकडून तीन स्टॅन्ली कप जिंकला की! पारखणारे दरवेळी चुकत नाहीत."

ते तिलाही मान्य होतं. म्हणून तिने गोलरक्षक डेव्हन लेव्हीचा विषय काढला. २०२० मध्ये सातव्या फेरीत, २१२ वा. उंची सहा फूट, म्हणजे आजच्या गोलरक्षकांत बेताचीच. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडून २०२१-२२ मध्ये त्याने ९५.२ टक्के फटके अडवले. २०२३ च्या मार्चअखेरीस तो थेट बफेलो सेबर्सच्या गोलमध्ये उभा राहिला. सात सामन्यांत पाच विजय. पुढच्या हंगामात २३ सामने, ८९.९ टक्के, आणि मधेच खालच्या लीगमध्ये, रॉचेस्टरला रवानगी.

"म्हणजे पोरगा घसरला."

"की सात सामन्यांवरून आपणच वाहवलो? तुमच्याच पद्धतीने मांडते. सामन्याला साधारण तीस फटके धरा. टक्क्याचा फरक म्हणजे शंभर फटक्यांमागे एक गोल, तीन-साडेतीन सामन्यांत एक. आपल्याच बचावपटूच्या स्केटला लागून पक आत गेला, तरी तेवढं होतं."

काका गप्प झाले. खरा पेच इथेच आहे. फॉरवर्डला दहा मिनिटं उतरवून बघता येतं. गोलरक्षकाची जागा एकच, तो खेळला की दुसरा बाकावर. खेळल्याशिवाय पारख नाही, पारख झाल्याशिवाय कुणी खेळवत नाही. शिवाय कसोटीवर घासलं म्हणून सोनं बदलत नाही, मुलगा बदलतो. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा होता. आधी विद्यापीठात, मग सेंट जॉन्सला खालच्या लीगमध्ये त्याला भरपूर सामने मिळाले. २०२५ मध्ये तो एनएचएलच्या सर्वात मोलाच्या खेळाडूला मिळणाऱ्या हार्ट करंडकाचा मानकरी ठरला. ते सामने मिळाले नसते, तर त्याच्यातला गोलरक्षक नुसता दिसायचा राहिला असता, की घडलाच नसता?

"मग तू बघतेस तरी काय?"

"फटका सुटण्याआधी तो कुठे उभा आहे, ते. आणि गोल खाल्ल्यावर पुढच्या फटक्याला मागे सरकतो का, ते. तिसऱ्याने आज चार गोल खाल्ले, पण दरवेळी गोलसमोर आखलेल्या क्रीझच्या कडेपर्यंत पुढे आला."

"खेळव मग त्याला."

"खेळवला तर बाकीच्या दोघांचे सामने कापायचे. त्यांचा काय दोष?"

काकांनी पार्किंगची पावती उलटी केली आणि मागे लिहिलं : अठरा सामने, सहा, सहा, सहा. पावती त्यांनी तिच्यापुढे धरली.

तिने ती बराच वेळ पाहिली. "सहा सामन्यांत मला काय कळणार, काका?"