तुलाधाराचा तराजू आणि ऑनलाइन जाहिरातीचा व्यवसाय

विकणाऱ्याने आपल्या मालाची स्तुती कुठवर करावी आणि ती करता करता त्याचा धर्म नेमका कोठे सुटतो, हा प्रश्न नीतिविचाराला नवा नाही; परंतु दुसऱ्याच्या मालाची स्तुती करणे हाच ज्यांचा स्वतंत्र व्यवसाय आहे अशा माणसांची संख्या गेल्या पाव शतकात संयुक्त अरब अमिरातीत इतकी वाढली आहे, की तेथे त्या प्रश्नाचा नव्याने विचार होणे अगत्याचे ठरते. २००० साली दुबई इंटरनेट सिटी आणि पाठोपाठ दुबई मीडिया सिटी उभी राहिली. पुढे शारजा, अबू धाबी, रस अल खैमा येथेही मुक्त क्षेत्रे, म्हणजे परदेशी माणसाला स्थानिक भागीदाराविना पूर्ण मालकीची कंपनी काढता येईल असे विभाग, निघाली आणि एखाद्या टेबलापुरती जागा घेऊन विपणनसंस्था चालवणे मध्यमवर्गीय भारतीयाच्या आवाक्यात आले. ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात अशा त्या देशात मराठी माणसेही या व्यवसायात आहेत आणि घरबांधणी कंपन्या, दवाखाने, शिकवण्या, उपाहारगृहे व सोन्याच्या पेढ्या यांच्यासाठी समाजमाध्यमांवर व शोधयंत्रांवर ग्राहक मिळवून देणे हे त्यांचे रोजचे काम आहे.

या व्यावसायिकांना दिला जाणारा सल्ला सहसा परवाना, कर आणि ग्राहकसंख्या यांभोवती फिरतो. तो आवश्यकच आहे: २०१८पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागू आहे, २०२३पासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर बसतो, आणि या दोहोंचा हिशेब चोख न ठेवणारी संस्था फार काळ टिकत नाही. मात्र हा सगळा सल्ला शासनाचे देणे सांगतो. ज्या अनोळखी माणसाच्या हातातील पडद्यावर जाहिरात जाऊन पोहोचते, त्याचे हा व्यवसाय काय देणे लागतो, याचे उत्तर त्यात नसते, आणि व्यवसायाच्या मुळाशी असलेला प्रश्न तर तोच आहे.

या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार भारतीय परंपरेत एका वाण्याच्या तोंडी आला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा येते. तो खांबासारखा निश्चल उभा राहिला असता पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिल्ले मोठी होऊन उडून गेली तरी तो हलला नाही, आणि मग आपल्याएवढा धर्म कोणी जाणत नाही असे त्याला वाटू लागले. तेव्हा वाराणसीच्या तुलाधार नावाच्या व्यापाऱ्याची बरोबरी तुला साधलेली नाही, असे त्याला अदृश्य वाणीने सुनावले. तुलाधार दुकानात बसून मुळ्या, सुगंधी द्रव्ये व रस विकत असतो. आलेल्या तपस्व्याला तो स्वतःच्या धंद्याचीच रीत सांगतो, ती अशी की आपण मद्य विकत नाही, देवघेवीत कपट करीत नाही, आणि आपला तराजू सर्व प्राणिमात्रांना सारखा आहे. व्यापार सोडल्याशिवाय धर्म साधत नाही, असे या संवादात कोणीच म्हणत नाही, आणि हेच त्याचे मोठे वैशिष्ट्य आहे.

तुलाधाराच्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन आजच्या व्यावसायिकाला लगेच कळतात. काय विकायला नकार द्यायचा हे अमिरातीत बऱ्याच अंशी माध्यम-नियमच ठरवून देतात, कारण मद्य व तंबाखू यांच्या जाहिरातींना तेथे मज्जाव आहे. आणि खोटे बोलू नये हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. खरा विचार करायला लावणारी गोष्ट तिसरी आहे, कारण ऑनलाइन विपणनाचे सारे सामर्थ्य तराजू प्रत्येकासाठी वेगळा ठेवण्यातच सामावलेले आहे. एकाच इमारतीतील एकच सदनिका मुंबईतल्या गुंतवणूकदाराला वाढत्या किमतीचे स्वप्न म्हणून दिसते, शारजात भाड्याने राहणाऱ्या कारकुनाला भाड्याएवढा हप्ता म्हणून दिसते, आणि नुकताच बाप झालेल्या माणसाला मुलाचे भवितव्य म्हणून दिसते. कोणाला काय दाखवायचे हे त्या त्या माणसाच्या वयावरून, भाषेवरून, मागच्या आठवड्यात त्याने काय शोधले यावरून ठरते, आणि तिघांपैकी एकालाही उरलेल्या दोघांना काय सांगितले गेले हे कळत नाही. ज्याच्या त्याच्या भाषेत बोलणे हा दोष नव्हे. मराठी माणसाशी मराठीत बोलण्यात कपट नाही. परंतु या तिन्ही जाहिराती त्या तिन्ही माणसांसमोर शेजारी शेजारी मांडल्या, तर विक्रेत्याला मान खाली घालावी लागेल का, ही कसोटी प्रत्येक मोहिमेला लावता येते, आणि तुलाधाराच्या समत्वाचा आजच्या काळात लागू पडणारा अर्थ हाच असावा.

ज्या भूमीत हा व्यवसाय चालतो, तेथील धर्मपरंपरेनेही बाजाराचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. इस्लामी नीतिशास्त्रात 'नजश' नावाचा एक निषिद्ध प्रकार सांगितला आहे: घेण्याचा मुळीच इरादा नसताना इतरांना भुलवण्यासाठी बोली चढवणे. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय, विकत घेतलेले अनुयायी, 'आत्ता या क्षणी इतकेजण हेच पाहत आहेत' अशी बनावट ओळ, हे सगळे नजशचेच वंशज आहेत. दुसरा निषेध असा, की बाहेरून माल घेऊन येणाऱ्या तांड्याला बाजारातला भाव कळण्याआधीच कोणी वाटेत गाठून सौदा करू नये. त्यात खोटे एक अक्षरही बोलावे लागत नाही, तरीही तो व्यवहार गैर मानला, कारण एका बाजूला भाव ठाऊक असतो आणि दुसऱ्या बाजूला नसतो. अबू हमीद अल-गझाली (मृत्यू ११११) याने 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथातील उपजीविकेच्या प्रकरणात याही पुढचे पाऊल टाकले आहे. मालात नसलेला गुण सांगणे तर असत्यच, पण असलेला गुणही गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याची स्तुती ही वायफळ बडबड होय. जे त्याला एरवी कळले नसते तेवढेच सांगावे, असा त्याचा आशय आहे.

गझालीची ही अट ऐकताच जाहिरातदाराला धंदा बुडाल्यासारखे वाटेल, पण प्रत्यक्षात तिच्याइतका कामाचा सल्ला दुसरा नाही. दुबईत बांधकाम पूर्ण होण्याआधी विकल्या जाणाऱ्या सदनिकेच्या जाहिरातीतून 'आलिशान', 'अतुलनीय', 'स्वप्नवत' हे शब्द काढून टाकले, तर त्या जागी काय लिहावे असा प्रश्न पडतो, आणि मग घेणाऱ्याला खरोखर हवी असलेली माहिती पुढे येते: वार्षिक देखभाल शुल्क दर चौरस फुटाला किती, ताबा कोणत्या तिमाहीत, हप्ते कोणत्या टप्प्यांवर, आणि २००७च्या कायद्याने बंधनकारक केलेले एस्क्रो खाते, म्हणजे ग्राहकांचे पैसे फक्त त्याच बांधकामासाठी खर्च व्हावेत म्हणून वेगळे ठेवलेले खाते, कोणत्या बँकेत आहे. असे लिहिणारी संस्था कमी लोकांना थांबवील, परंतु जे थांबतील ते काही कळल्यामुळे थांबलेले असतील.

एका बाजूला ठाऊक आणि दुसऱ्या बाजूला नाही, ही असमानता सर्वांत स्पष्ट दिसते ती 'लीड' मिळवण्याच्या पद्धतीत. लीड म्हणजे खरेदीची शक्यता असलेल्या माणसाचे नाव व क्रमांक. जाहिरातीखाली 'माहितीपत्रक मिळवा' असे बटण असते. ते दाबले की छोटा अर्ज उघडतो, त्यात नाव व क्रमांक आधीच भरलेले असतात, खाली फिकट, बारीक अक्षरांत संमतीची एक चौकट असते आणि कित्येकदा तिच्यात खूणही आधीच केलेली असते. माहितीपत्रक पाहण्याची साधी उत्सुकता असलेल्या माणसाचा क्रमांक काही क्षणांत एका तक्त्यात जातो, तेथून दलालांच्या हाती पडतो, आणि प्रत्येक क्रमांकामागे ठरलेली रक्कम संस्थेला मिळत असल्यामुळे ती खूण कोणी काढून टाकत नाही. या साऱ्यात एकही विधान असत्य नाही. तरीही त्या माणसाने दिले काय आणि त्याच्याकडून घेतले गेले काय, यांचे वजन जुळत नाही.

अमिरातीच्या कायद्याने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. २०२१च्या कायद्याने व्यक्तिगत माहितीला संरक्षण दिले. २०२४च्या ऑगस्टअखेरीपासून विक्रीचे दूरध्वनी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ याच वेळात करता येतात, ज्यांनी नको म्हणून नोंद केली आहे त्यांना करताच येत नाहीत, आणि उल्लंघनाला १,५०,००० दिरहमपर्यंत दंड आहे. २०२५च्या जुलैत समाजमाध्यमांवर इतरांच्या वस्तूंचा प्रचार करणाऱ्या व्यक्तींसाठी जाहिरातदार-परवाना जाहीर झाला आणि त्याचा क्रमांक खात्यावर ठळकपणे दाखवण्याचे बंधन आले. मग कायदा पाळला म्हणजे धर्म पाळला, असे म्हणता येईल काय? रोमन विचारवंत सिसेरोने 'कर्तव्ये' या ग्रंथात हाच वाद नोंदवला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ असताना एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे काय? बॅबिलोनचा स्टोइक तत्त्वज्ञ डायोजिनीस याच्या मते कायदा जेवढे सांगायला लावतो तेवढे सांगितले की पुरे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, की घेणाऱ्याला ठाऊक नाही असे काहीही दडवू नये. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो, आणि तेच योग्य आहे, कारण कायदा कितीही तत्पर असला तरी तो नव्या युक्तीच्या मागूनच येतो, आणि मधल्या काळात घेणाऱ्याला विक्रेत्याच्या विवेकाखेरीज आधार नसतो.

साठवलेल्या माहितीविषयी मराठी परंपरेकडे एक विलक्षण उदाहरण आहे. देहूच्या तुकोबांच्या घरी वाणीपणा व सावकारी होती. परंपरा सांगते, की त्यांनी कर्जखतांपैकी धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. खत म्हणजे एका माणसाची दुसऱ्यावर चालणारी सत्ता, आणि ती कागदात वसलेली असते, हे त्यांनी ओळखले होते. विपणनसंस्थेकडे मोहीम संपल्यावर उरलेले क्रमांकांचे तक्ते हीसुद्धा अशीच सत्ता आहे. हे तक्ते पुढच्या ग्राहकाला विकण्याचा मोह मोठा असतो, त्यांतून मिळणारा पैसा आयता असतो, आणि म्हणूनच काम संपताच ठरलेल्या मुदतीत ते नष्ट करण्याचे कलम करारातच असावे, ग्राहकाने मागितले नसले तरीही.

नोकरीच्या जाहिरातींचा उल्लेख येथे टाळता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटत आली आहे, आणि आखाती नोकरीची जाहिरात तेथील तरुणाच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते तेव्हा तिच्यामागे घरातले दागिने गहाण पडू शकतात. कामगाराकडून भरतीसाठी पैसे घेण्यास अमिरातीच्या कामगार कायद्यात बंदी आहे. नोकरी देणाऱ्याचा परवाना व देऊ केलेल्या नोकरीचे पत्र स्वतः न तपासता अशी जाहिरात चालवणारा व्यावसायिक, आपण केवळ माध्यम आहोत असे म्हणून सुटू शकत नाही. कर्मविचारात करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा असे तिघेही फलाचे वाटेकरी मानले आहेत, आणि पैसे घेऊन संदेश पोहोचवणारा निदान तिसरा तरी ठरतोच.

या सगळ्यावर येणारा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. अमिरातीत छोट्या व्यावसायिकाचा निवास-परवाना बहुधा त्याच्या कंपनीच्या परवान्यावरच उभा असतो. वर्षाचे नूतनीकरण, घरभाडे, मुलांच्या शाळेचे शुल्क यांची मुदत थांबत नाही, आणि अशा वेळी एक मोठा ग्राहक नाकारणे म्हणजे देश सोडण्याची वेळ ओढवून घेणे असू शकते. शांतिपर्वातच या अवस्थेसाठी आपद्धर्म सांगितला आहे: संकटात पडलेल्या माणसाला नेहमीच्या नियमांत सवलत मिळते, पण ती जगण्यापुरतीच, आणि संकट सरताच संपणारी. भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस घेतो, त्या कथेतही ते रोजचे अन्न ठरत नाही. बाजारात मात्र आपत्काल कायमचा करून घेण्याची सोय असते, कारण दर वर्षी नूतनीकरण येते आणि दर वर्षी तेच कारण पुढे करता येते. म्हणून या व्यवसायात उतरणाऱ्याने पहिल्या वर्षीच्या मिळकतीतून पुढच्या नूतनीकरणाची आणि निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बाजूला काढावी, आणि कोणत्याही एका ग्राहकाचा वाटा एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नये. हिशेबनीस याला जोखीम-व्यवस्थापन म्हणेल. पण फसव्या योजनेचा प्रस्ताव घेऊन ग्राहक समोर बसलेला असताना त्याला नाही म्हणण्याची शक्ती याच बाजूला काढलेल्या रकमेतून येते.