स्वस्त रायफलीची किंमत

युद्ध संपले की सैनिक घरी परततात. त्यांच्या खांद्यावरच्या रायफलींचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. त्या रायफलींना जाड ग्रीसचा लेप दिला जातो, लाकडी पेट्यांत त्या रचल्या जातात आणि कोठारांच्या अंधारात दशकानुदशके पडून राहतात. पुढे सैन्याला नवे शस्त्र मिळते, जुन्याचा सांभाळ डोईजड होतो आणि सरकार ते घाऊक भावाने निकालात काढते. जेथे नागरिकांना शस्त्र बाळगण्याची मोकळीक आहे तेथे, विशेषतः अमेरिकेत, या रायफली दुकानांत येतात आणि शिकारी व नेमबाज त्या विकत घेतात.

रशियाची मोसिन-नागांत रायफल हे याचे ठळक उदाहरण. 1891 साली झारच्या सैन्याने ती स्वीकारली आणि दोन्ही महायुद्धांत ती वापरली गेली. तिच्या सुमारे 3 कोटी 70 लाख प्रती घडवल्या गेल्या, असे मानले जाते. 1991 साली सोव्हिएत संघ विलयास गेल्यानंतर ती अमेरिकेत शंभर डॉलरांहूनही कमी किमतीला मिळू लागली. नव्या रायफलीसाठी याच्या कितीतरी पट मोजावे लागत. त्यामुळे तुटपुंज्या मिळकतीच्या अनेक घरांत पहिली रायफल आली ती अशी. आज तो साठा आटला आहे व भावही चढले आहेत. परंतु त्या स्वस्ताईने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. माणसाला मारण्यासाठी घडवलेली वस्तू, तिचा ग्राहक बदलला म्हणून, निर्दोष होते काय?

तलवारींचे नांगरफाळ होतील, हे यशया संदेष्ट्याचे दर्शन आपल्या परिचयाचे आहे. त्या दर्शनात एक लोहार गृहीत धरलेला आहे, हे मात्र आपण विसरतो. लोखंड भट्टीत तापते, ऐरणीवर ठोकले जाते; तलवारीचा आकार मोडल्याखेरीज फाळ तयार होत नाही. सैन्याची रायफल शिकाऱ्याच्या हाती येते तेव्हा असे काही घडत नाही. फार तर लाकडी दस्ता कापून हलका करतात, वर दुर्बीण बसवतात. नळी तीच राहते, चापही तोच राहतो. मग बदल होतो तो कशात?

याचे एक उत्तर आम्हांला काडतुसाच्या गोळीत सापडते. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात 1890च्या दशकात एक गोळी तयार झाली. शरीरात शिरताच ती पसरे आणि भयंकर जखम करी. 1899 साली हेग येथील परिषदेत अशा गोळ्या युद्धात न वापरण्याचे घोषणापत्र निघाले. म्हणून सैनिकाची गोळी पूर्ण धातूच्या आवरणाची असते. शिकारीचा नियम याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणावर पूर्ण आवरणाची गोळी झाडण्यास मनाई असून पसरणारी गोळीच वापरावी लागते. कारण आवरणाची गोळी आरपार निघून जाते आणि जनावर रानात तासन् तास तडफडत मरते.

रायफल एकच, परंतु जी गोळी युद्धात क्रूर ठरते, तीच शिकारीत दयेची ठरते. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. आम्हांला ती तशी वाटत नाही. घायाळ सैनिक लढण्यास असमर्थ झाला की तो शत्रू राहत नाही. त्याला उचलून न्यावे, त्याच्यावर उपचार व्हावेत, तो जगावा, ही आशा त्या नियमामागे आहे. घायाळ हरणासाठी रानात रुग्णालय नसते. त्याच्या बाबतीत त्वरित मृत्यू हीच काय ती दया. म्हणजे शस्त्राचा हेतू बदलतो तो, ज्याच्यावर आपण नेम धरतो त्याच्याविषयी आपले काय कर्तव्य आहे हे ओळखल्याने. नुसत्या मालकीबदलाने तो बदलत नाही.

येथे स्वस्ताईचा प्रश्न आडवा येतो. इटलीच्या सैन्याची, 1940 साली बनलेली एक कारकानो रायफल शिकागोतील एका दुकानाने जाहिरातीत दुर्बिणीसह 19 डॉलर 95 सेंटला देऊ केली होती. मार्च 1963 मध्ये ली हार्वी ओसवाल्डने ती खोट्या नावाने टपालाने मागवली. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला डॅलस शहरात तिच्यातून सुटलेल्या गोळ्यांनी अध्यक्ष जॉन केनेडी यांचा बळी घेतला. 1968च्या कायद्याने टपालाने होणारी अशी विक्री आणि सैन्याच्या जुन्या शस्त्रांची आयात या दोन्ही गोष्टी रोखल्या. 1984 साली संग्राह्य ठरणाऱ्या जुन्या शस्त्रांपुरते आयातीचे दार पुन्हा किलकिले झाले.

यावरून, स्वस्त शस्त्र तेवढे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील. तो अन्यायाचा होईल. महाग रायफलही तितकाच प्राणघात करते, आणि हिवाळ्याच्या बेगमीसाठी हरणाचे मांस आणणाऱ्या गरिबाला केवळ त्याच्या गरिबीपायी अपराधी ठरवणे आम्हांला मान्य नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील हिमप्रदेशाचेच पाहा. 1947 साली स्थापन झालेल्या रेंजर्स दलाला सैन्याची ली-एनफील्ड रायफल देण्यात आली आणि सुमारे सत्तर वर्षे ती त्यांच्या हाती राहिली. दलातील अनेक जण तेथील मूलनिवासी आहेत. त्यांनी तिच्या जोरावर गस्त घातली, हिमअस्वलांपासून जीव वाचवले, अन्नासाठी शिकारही केली. शस्त्र तसे जुनेच होते. पण ते बाळगणाऱ्याला रान ठाऊक होते आणि शेजाऱ्यांना तो ठाऊक होता.

आमचे म्हणणे एवढेच, की किंमत उतरली की विचार करण्याची सवडही उतरते. जे सहज मिळते ते आपण सहज बाळगतो. म्हणून पैशात वाचलेली किंमत दुसऱ्या नाण्यात मोजावी लागते. ते नाणे म्हणजे शिस्त. अमेरिकेत नागरिकांना नेमबाजी शिकवणारी एक संस्था आहे. तिचे मूळ 1903च्या एका सरकारी मंडळात असून 1996 पासून ती खासगी, ना-नफा तत्त्वावर चालते. दुसऱ्या महायुद्धातील गॅरँड रायफली ती विकते, परंतु ग्राहकाला संलग्न क्लबचे सदस्यत्व आणि सरावाचा पुरावा द्यावा लागतो. तेथे पैशाआधी माणूस तपासला जातो.

जुनी रायफल स्वतःही हाच धडा देते. सैन्याच्या अनेक जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळल्यावर नळीत क्षार उरतो. तो दमट हवा शोषतो, आणि नळी वेळीच धुतली नाही तर थोड्याच काळात तिला गंज चढतो. तेलाने तो निघत नाही. पाणी ओतून तो विरघळवावा लागतो, मग नळी कोरडी करून तेल द्यावे लागते. स्वस्त काडतुसे घेणाऱ्याने हे कष्ट टाळले की रायफल वाया जाते. तसेच, अनेक हातांतून फिरलेल्या रायफलीचा बोल्ट मूळचाच आहे की दुसरीचा बसवला आहे, हे जाणत्या कारागिराकडून पाहून न घेणारा स्वतःचा जीव धोक्यात घालतो.

या प्रश्नाशी आपलाही संबंध आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफली अशाच वाटेने अमेरिकन शिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला जानेवारी 2020 मध्ये निरोप दिला. सामान्य नागरिकाला या बोअरची रायफल बाळगता येत नाही, आणि 1972च्या वन्यजीव कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी शिकारीची वाटही बंद केली आहे. तरीही निकालात निघालेले शस्त्र कोठे जाते, हे विचारण्याचे कर्तव्य ते घडवणाऱ्या देशाला चुकत नाही.

कारण निकालात निघालेले शस्त्र निवृत्त झालेले असतेच असे नाही. 2022 साली युक्रेनमधील युद्धात, डोनेट्स्क भागात सक्तीने भरती केलेल्या माणसांच्या हाती पुन्हा तीच मोसिन रायफल दिसली. शंभरावर वर्षांपूर्वीच्या घडणीची रायफल, आणि ती पुन्हा माणसावर रोखलेली. एकीकडे अमेरिकेतील एखादा बाप आपल्या मुलाला तिच्याने नेम धरायला शिकवीत होता, त्याच वर्षी दुसरीकडे कोणाचा तरी मुलगा तीच घेऊन खंदकात बसला होता.

लोखंडाला आपला भूतकाळ आठवत नाही आणि पश्चात्तापही होत नाही. ते काम माणसाचे. रायफल मोडून तिचा फाळ करणार नसू, तर ऐरणीवर दुसरे कोणी यावे लागते. ती विकत घेणाऱ्याने आपला राग, आपली हौस, आपला उतावीळपणा त्या ऐरणीवर ठेवावा. ती किंमत ज्याला परवडत नाही, त्याला स्वस्तातली स्वस्त रायफलही महागच पडेल, आणि त्याच्याआधी ती इतरांना महाग पडेल.